फुकट ते पौष्टिक? मतदारयादीच्या ठेकेदारीत नाही

बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या गेटवर बिर्याणी घेऊन आलेल्या मुलाची जेवढी चौकशी होते, तेवढी बँकेच्या लॉकरपाशीही होत नसेल. नाव सांगा, मोबाइल नंबर सांगा, कुठला टॉवर, कितवा मजला. वरच्या फ्लॅटमधून होकार आल्याशिवाय दांडी उचलली जात नाही. २०२२ साली, व्हाइटफील्ड ज्यात येते त्या महादेवपुरा भागात दारोदार फिरणाऱ्या काही जणांना मात्र कोणी अडवले नाही. त्यांच्याकडे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची, म्हणजे बीएलओची, ओळखपत्रे होती. ते वय विचारत, जात विचारत, मातृभाषा विचारत, आधार आणि मतदार ओळखपत्राचा नंबर टिपून घेत. लोकांना वाटले, यादीचे काम चालले आहे. सरकारी माणूस दारात आला आहे म्हटल्यावर पाण्याचा पेलाही पुढे केला गेला असेल.

ते सरकारी कर्मचारी नव्हते. ‘चिलुमे एज्युकेशनल कल्चरल अँड रुरल डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट’ या खासगी संस्थेची ती माणसे होती. कानडीत चिलुमे म्हणजे झरा. मराठी कानाला चिलीम आठवते, आणि या प्रकरणात धूरही बराच निघाला. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘द न्यूज मिनिट’ आणि ‘प्रतिध्वनी’ यांनी ही बातमी फोडली. बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेने या संस्थेला मतदार जागृतीची परवानगी दिली होती. जागृतीच्या नावाखाली घराघरांतून माहिती गोळा होत होती, आणि ती ‘डिजिटल समीक्षा’ नावाच्या अॅपमध्ये भरली जात होती. ते अॅप त्याच गोतावळ्यातल्या खासगी कंपनीचे होते.

परवानगीची सुरुवात झाली ती महादेवपुऱ्यापासूनच, जानेवारी २०२२ मध्ये. ऑगस्टमध्ये ती शहरातल्या सर्व २८ मतदारसंघांना लागू झाली. बातमी छापून येण्याच्या थोडेच दिवस आधी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पालिकेने ती मागे घेतली. त्यानंतर व्हाइटफील्डला लागून असलेल्या काडुगोडी पोलीस ठाण्यात आणि शहराच्या मध्यभागी हलसूर गेट ठाण्यात गुन्हे दाखल झाले. संस्थेचा प्रमुख पकडला गेला, पाठोपाठ पालिकेचे काही महसूल अधिकारीही अटकेत गेले. काँग्रेसने थेट भाजपचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्याकडे बोट दाखवले. बोम्मई यांनी आरोप फेटाळले, चौकशीचे आदेश दिले आणि या संस्थेला आधीच्या राजवटीतही कामे मिळाल्याचे सांगितले. दोन्ही पक्षांनी एकमेकांवर जे ढकलले, त्यातून एक गोष्ट मात्र आपसूक कबूल झाली: संस्था सगळ्यांच्या ओळखीची होती.

या प्रकरणातला सगळ्यात बोलका तपशील म्हणजे कामाचा मोबदला. चिलुमेने हे काम फुकट करण्याची तयारी दाखवली होती.

सरकारी कचेरीत ‘फुकट’ या शब्दाला एक विशेष वजन आहे. पैसे द्यायचे असले की निविदा काढावी लागते, अनामत घ्यावी लागते, अनुभवाचे दाखले तपासावे लागतात, तीन दरपत्रके फाइलला लावावी लागतात. ऑडिटवाले नंतर विचारतील ही भीती असते. फुकटच्या कामाला यातली एकही चाळणी सहसा लागत नाही. अर्ज आला, टिपणी झाली, सही झाली. रस्त्यावरचा खड्डा बुजवायला नोंदणीकृत ठेकेदार लागतो; लाखो मतदारांच्या दारात जाऊन त्यांची जात आणि आधार विचारायला मात्र विनामोबदल्याचा अर्ज पुरला. शेकडो माणसे, त्यांचे पगार, अॅप, सर्व्हर यांचा खर्च कोणीतरी करतच असणार. तो कोण करतो आणि का करतो, हा प्रश्न परवानगीवर सही करणाऱ्याने पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

विचारणारे दुसरेही कोणी नव्हते. बेंगळुरू पालिकेची शेवटची निवडणूक ऑगस्ट २०१५ मध्ये झाली आणि त्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. जानेवारी २०२२ मध्ये परवानगी दिली गेली तेव्हा पालिकेत एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. ज्या शहरातल्या लोकांना स्वतःचा नगरसेवक निवडायला मिळत नव्हता, त्याच लोकांना मतदानाविषयी जागृत करण्याचे काम बाहेरच्या संस्थेकडे गेले होते. आज ती पालिकाच उरली नाही. सप्टेंबर २०२५ पासून बृहद् बेंगळुरू प्राधिकरणाखाली पाच पालिका झाल्या आणि व्हाइटफील्ड पूर्व पालिकेत गेले.

निवडणूक आयोगाने या प्रकरणात नंतर जे केले ते कडक होते, हे मान्य करायला हवे. २५ नोव्हेंबर २०२२ च्या आदेशाने दोन अपर जिल्हा निवडणूक अधिकारी निलंबित झाले. शिवाजीनगर, चिकपेट आणि महादेवपुरा या तीन मतदारसंघांत १ जानेवारी २०२२ नंतर यादीत वाढलेले आणि यादीतून वगळलेले प्रत्येक नाव तपासायचे ठरले, नमुन्यादाखल काही नव्हे, शंभर टक्के. हरकतींची मुदत २४ डिसेंबरपर्यंत वाढवली. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हे काम पालिकेच्या माणसांकडे न ठेवता बाहेरच्या वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांवर सोपवले. ज्याच्या घरात चोरी झाली त्याच्याच राखणदाराला पंचनामा लिहायला बसवायचे नाही, एवढी समज त्या आदेशात होती.

पण घोडे निघून गेल्यावर तबेल्याचे दार लावले गेले. मतदारयादीची माहिती ही सांडलेल्या दुधासारखी आहे. एकदा खासगी सर्व्हरवर गेली की किती प्रती निघाल्या हे कुठलाही पंचनामा सांगू शकत नाही.

अशी चूक फक्त आपल्याकडेच होते असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्याने २०२१ मध्ये हाच धडा याहून मोठ्या गाजावाजाने गिरवला. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत मॅरिकोपा काउंटीत बायडन जिंकले होते. तिथल्या रिपब्लिकन बहुमताच्या राज्य सिनेटने सुमारे २१ लाख मतपत्रिका हाताने पुन्हा मोजायचे ठरवले आणि त्यासाठी फ्लोरिडातल्या ‘सायबर निंजाज’ या छोट्या कंपनीला नेमले. या कंपनीने त्याआधी एकाही निवडणुकीचे ऑडिट केलेले नव्हते. तिचा प्रमुख निवडणुकीत घोटाळा झाल्याचे दावे समाजमाध्यमांवर आधीच पसरवून मोकळा झाला होता. निकाल आधी ठरवून बसलेला पंच मैदानात उतरवला तर सामना कसा होईल?

तसाच झाला. फिनिक्स शहरातल्या एका जुन्या स्टेडियममध्ये टेबले मांडली गेली. मतपत्रिका अतिनील प्रकाशाखाली धरल्या जाऊ लागल्या. आशियातून बनावट मतपत्रिका आल्या असाव्यात या संशयापोटी कागदात बांबूचे तंतू सापडतात का, हेही पाहिले गेले. मोजणाऱ्यांच्या हातात निळे पेन दिसल्यावर पत्रकारांनी ओरड केली, कारण मतपत्रिकेवरची निळी किंवा काळी खूण यंत्र मत म्हणून वाचू शकते. मोजणी करणाऱ्याच्या हातात तीच शाई देणे म्हणजे परीक्षकाला उत्तरपत्रिका लिहायची मुभा देण्यासारखे. प्रकरण न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी काम थांबवण्याची तयारी दाखवली, पण त्यासाठी डेमोक्रॅटिक पक्षाने १० लाख डॉलरची हमी भरावी अशी अट घातली. पक्षाने ती भरली नाही आणि मोजणी चालू राहिली.

पैशाचा हिशेब इथेही पाहण्यासारखा आहे. सिनेटने कंपनीला द्यायचे होते दीड लाख डॉलर. ट्रम्प यांच्या बाजूच्या संघटनांनी बाहेरून जमवून दिले जवळपास ५७ लाख डॉलर. म्हणजे सरकारी तिजोरीच्या दृष्टीने काम स्वस्तात झाले, आणि कामाचे खरे मालक कोण हेही त्यातून ठरून गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये अहवाल आला. हाताने मोजल्यावर बायडन यांची ९९ मते वाढली आणि ट्रम्प यांची २६१ घटली. निकाल आणखी पक्का झाला, पण ज्यांना संशय होता त्यांचा संशय काही गेला नाही. कारण मोजणाऱ्यावरच कोणाचा भरवसा नव्हता. ज्या मतयंत्रांना या कंपनीने हात लावला, ती पुन्हा निवडणुकीत वापरण्यालायक मानली गेली नाहीत आणि काउंटीने त्यापोटी २८ लाख डॉलरचा दावा केला. कागदपत्रे खुली करायला कंपनी तयार नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने तिला दिवसाला ५० हजार डॉलर दंड ठोठावला, तेव्हा तिने आपला गाशा गुंडाळला.

चिलुमे आणि सायबर निंजाज यांची कामे वेगळी. एकाने यादीला हात घातला, दुसऱ्याने मतपत्रिकांना. पण दोन्हीकडे तोच प्रश्न आधी विचारायचा राहून गेला: या कामाला हा माणूस लायक आहे का, आणि त्याची चूल कोणाच्या लाकडावर पेटते?

आपल्या कायद्यातच या प्रश्नाला जागा फार थोडी आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३ ब म्हणते की, यादी तयार करण्याच्या कामासाठी मतदार नोंदणी अधिकाऱ्याला योग्य वाटतील अशी माणसे, ठरवून दिलेल्या मर्यादांत, नेमता येतात. ‘योग्य वाटतील अशी’ या तीन शब्दांत अधिकाऱ्याला जेवढी मोकळीक आहे तेवढीच पळवाटही. याच कायद्याच्या कलम ३२ नुसार यादीच्या कामात कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षा आहे, पण ती नंतरची. नेमणुकीपूर्वीची कसोटी नाही.

महादेवपुऱ्याचे नाव २०२५ मध्ये पुन्हा देशभर झाले. ७ ऑगस्ट रोजी राहुल गांधी यांनी दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन या एका मतदारसंघात १,००,२५० मते खोटी असल्याचा आरोप केला. दुबार नावे, खोटे किंवा नसलेले पत्ते, एकाच पत्त्यावर कोंबलेले मतदार, ओळखू न येणारी छायाचित्रे आणि नव्या मतदारांच्या सहा नंबरच्या अर्जाचा गैरवापर असे पाच वर्ग त्यांनी मांडले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बेंगळुरू मध्य मतदारसंघात भाजपचे पी. सी. मोहन ३२,७०७ मतांनी जिंकले; त्यात महादेवपुऱ्याची आघाडी लाखाच्या वर होती. म्हणून आरोपाला धार आली. ८० मतदार दाखवलेल्या एका खोलीच्या घराच्या पत्त्यावर पत्रकार जाऊन आले, तेव्हा व्हाइटफील्डकर जे रोज पाहतात तेच चित्र समोर आले: भाडेकरू आले, नाव नोंदवले, नोकरी बदलली, निघून गेले; नावे तिथेच राहिली. लातूर, कोल्हापूर, नांदेडहून आलेली कितीतरी मराठी मुले या परिसरातल्या पीजीत दोन वर्षे काढून पुण्याला किंवा परदेशी गेली आहेत. त्यांतल्या किती जणांनी आपले नाव हलवले असेल, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

मग ही १,००,२५० नावे चोरीची की आळसाची? हे ठरवायला तिसरा, तटस्थ तपासणारा लागतो. काँग्रेसचे म्हणणे होते की छापील यादीच्या कागदांच्या थप्प्या हाताने चाळायला त्यांच्या माणसांना सहा महिने लागले, कारण आयोग यंत्राला वाचता येईल अशी यादी देत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसचे कमलनाथ यांची तशी मागणी फेटाळली होती. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी राहुल गांधींकडे १९६० च्या मतदार नोंदणी नियमांतल्या २०(३)(ब) नुसार शपथेवर लेखी मागितले. हा नियम मुळात यादीवरच्या हरकतींच्या चौकशीसाठीचा. काँग्रेसमध्येही सूर एक नव्हता. राज्यातले मंत्री के. एन. राजण्णा यांनी यादी झाली तेव्हा सरकार आपलेच होते, मग गप्प का बसलो, असा सवाल केला आणि त्यांचे मंत्रिपद गेले. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाची मागणी करणारी याचिका दाखल करून घेतली नाही; आयोगाकडे जा, असे सांगितले. आरोप करणारा पक्ष, ज्याच्यावर आरोप तो आयोग, आणि चौकशी करणारा पुन्हा तोच आयोग, अशी ही साखळी आहे. शिवाय २०२२ ची शंभर टक्के तपासणी फक्त त्या एका वर्षातल्या बदलांची होती. त्याआधीची गाठोडी कोणी सोडलीच नाहीत.

यंत्रांच्या बाबतीतही गोष्ट फार वेगळी नाही. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येईल असे ठरवले. तपासणी करायची कोणी? यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांच्या अभियंत्यांनी. या दोन सरकारी कंपन्यांपैकी भारत इलेक्ट्रॉनिक्सचे घर बेंगळुरूतच, जालहळ्ळीला आहे. तिथल्या अभियंत्यांच्या कसबाबद्दल शंका घ्यायचे काही कारण नाही. पण आचाऱ्यानेच आमटीची चव घेऊन प्रमाणपत्र द्यायचे, ही पद्धत पंगतीतही चालत नाही.

चांगला नमुना आपल्याकडेच आहे. हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावच्या सरपंचपदाची निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने मतयंत्रे दिल्लीला मागवली, आपल्याच अधिकाऱ्याला नेमले, दोन्ही बाजूंची माणसे समोर बसवली, सगळ्याचे चित्रीकरण केले आणि मते मोजली. निकाल उलटला: १,०५१ विरुद्ध १,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये पराभूत ठरवलेला उमेदवार सरपंच झाला. कंपनी नाही, निविदा नाही, फुकटचा सेवाभावी नाही. मोजणारा कोणाचा मिंधा नव्हता, म्हणून हरलेल्यालाही ते मान्य करावे लागले.

उलट नमुनाही फार दूर नाही. व्हाइटफील्ड स्टेशनवरून गाडी पुढे कोलार जिल्ह्यात मालूरला जाते. तिथे २०२३ ची विधानसभा निवडणूक २४८ मतांनी निकाली निघाली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवून फेरमोजणीचा आदेश दिला. मतमोजणीचे पूर्ण चित्रीकरण न्यायालयासमोर येऊ शकले नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आमदारकी जाण्याला स्थगिती दिली, पण मते मोजून निकाल सीलबंद ठेवायला सांगितले. चित्रीकरण जपले असते तर दोन वर्षे वाचली असती. आयोगाने मात्र मे २०२५ मध्ये निवडणूक याचिका नसेल तर चित्रीकरण ४५ दिवसांनी पुसून टाकण्याची मुभा दिली.

आणि महाराष्ट्र? सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातले मारकडवाडी. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत गावात भाजपच्या राम सातपुते यांना १,००३ आणि उत्तम जानकर यांना ८४३ मते दिसली. जानकर मतदारसंघात जिंकले, पण गावाला आपल्या गावचा आकडा पटला नाही. ३ डिसेंबर रोजी गावकऱ्यांनी स्वखर्चाने मतपत्रिका छापून अभिरूप मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, गुन्हे दाखल झाले, मतदान झालेच नाही. अशा मतदानाला कायद्यात जागा नाही आणि गावकीच्या डोळ्यांसमोर गुप्तता राखणेही कठीण, हे खरे. तरी दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. स्वतःच्या गावात स्वतःची मते मोजू पाहणाऱ्यांना सरकारने एका दिवसात थांबवले. बेंगळुरूत परक्यांच्या घरात शिरून जात विचारणाऱ्यांना त्याच व्यवस्थेने दहा महिने परवानगी दिली.

मागणी साधी आहे. मतदारयादी, मतपत्रिका वा मतयंत्र यांना हात लावणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या संस्थेचा करार, अनुभव आणि पैशाचा स्रोत काम सुरू होण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावर झळकावा. काम फुकट असेल तर तपासणी दुप्पट व्हावी. तपासणारा ना यंत्र बनवणारा असावा, ना यादी बनवणारा. यादी शोधता येईल अशा रूपात मिळावी. बिहारमध्ये मतदारयादीतून वगळलेली ६५ लाख नावे कारणांसह जाहीर करा, असे १४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले तेव्हा ती जाहीर झालीच की. आणि पालिकेत नगरसेवक असावेत, म्हणजे अशा परवानगीवर सभागृहात कोणीतरी उठून उभे राहील.

तोवर व्हाइटफील्डकरांनी एवढे करावे. आपल्या भागाच्या बीएलओचे नाव आणि फोन नंबर आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतो. दारात कोणी आले की आधी तो जुळवून पाहावा. यादीच्या कामासाठी जात सांगण्याची गरज नाही आणि आधारचा नंबर देणेही सक्तीचे नाही. पत्ता बदलला असेल तर आठ नंबरचा अर्ज भरून जुने नाव हलवावे, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्या कोणाला बोट दाखवायची वेळ येणार नाही. गेटवरच्या रखवालदारालाही सांगून ठेवावे, बिर्याणीवाल्याची चौकशी थोडी कमी झाली तरी चालेल.